शामराव मिस्त्रींचे पाच पांढरे

फोन पुढं करून ‘मॅडम, आम्हाला असं नॉर्डिक पाहिजे’ म्हणणारं गिऱ्हाईक आता आठवड्याला एक तरी येतं. फोटोत तेच ते: पांढऱ्या भिंती, पांढरी कपाटं, कोपऱ्यात एक लाकडी खुर्ची आणि कुंडीत एक रोप. दर वेळी माझ्या ओठांवर प्रश्न येतो, ‘त्यातलं कुठलं?’ हा प्रश्न माझा नाही, शामराव मिस्त्रींचा आहे. मी तो गिळते. विचारला तर पुढचं सगळं सांगावं लागेल, आणि नव्या घराच्या आनंदात असलेल्या माणसाला कशाला सांगायचं, की असल्याच कपाटांपायी शामराव गेले.

राजारामपुरीत माझं ऑफिस आहे. घरं आतून सजवून देते, पंचवीसेक वर्षं झाली. स्वभाव तापट, जीभ फटकळ. समोरच्याचं वाक्य संपायची वाट बघणं मला कधी जमलं नाही. त्यामुळं माझ्याकडं कामगार टिकत नाहीत. टिकले ते एकटे शामराव, अठरा वर्षं.

ते फवारणीचे मिस्त्री. सुतारानं कपाटं उभी केली की त्यावर लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, पॉलिश पेपरनं घासायची, प्रायमर मारायचा, पुन्हा घासायचं आणि शेवटी कॉम्प्रेसरच्या गननं रंग फवारायचा. मूळचे शाहूवाडीकडचे. भाताची खाचरं भावाच्या हवाली करून तरणेपणी कोल्हापुरात आले आणि फुलेवाडीच्या पुढं पत्र्याचं घर बांधून राहिले. बुटका बांधा, रुंद पंजे, नखांत कायम पांढरं. रंग बघायचा तर ट्यूबलाइट बंद करायला लावायचे. ‘ट्यूब खोटं बोलती,’ म्हणायचे, आणि फळीचा तुकडा घेऊन खिडकीशी जाऊन उभे राहायचे. तिथं पाच-पाच मिनिटं. मी खालून हाका मारून दमायची.

तो प्रश्न त्यांनी पहिल्यांदा विचारला रुईकर कॉलनीतल्या एका फ्लॅटमध्ये. बाईंनी फोन दाखवला, म्हणाल्या, नॉर्डिक करायचंय. मी मान डोलावतेय तोवर मागनं आवाज आला, ‘त्यातलं कुठलं?’

बाई गोंधळल्या. मी वळून डोळे वटारले. शामरावांवर काही परिणाम नाही.

‘न्हाय, पाच देश हैत त्येच्यात. ह्यो फोटू स्वीडनचा हाय. आन् तुमी मगाशी दावली ती खुर्ची डेन्मार्कची. दोन्ही एका खोलीत घातलं तर भांडत्यात.’

बाहेर आल्यावर मी त्यांना झाडलं. गिऱ्हाइकासमोर मला तोंडघशी पाडता होय, कुठं शिकलात हे, असं बरंच काही. ते ऐकून घेत उभे राहिले. दुसऱ्या दिवशी जुन्या टॉवेलात गुंडाळलेलं एक पुस्तक घेऊन ऑफिसात आले. विटेएवढं जाड, सगळं इंग्रजी, पानोपानी घरांचे फोटो. ताराबाई पार्कात एका प्राध्यापकांच्या घरी पूर्वी पॉलिशचं काम केलेलं. प्राध्यापक गेल्यावर घर रिकामं करताना पुस्तक रद्दीत निघालेलं, ते यांनी मागून घेतलं. वाचता येत नव्हतं. मुलगी शाळेत शिक्षिका, तिनं पाच भागांच्या सुरुवातीला मराठीत देशांची नावं लिहून दिली आणि अधूनमधून फोटोंखालचे मजकूर वाचून दाखवले. बाकी सगळं त्यांनी नुसतं बघून बघून काढलं होतं. जेवण झालं की रोज एक घर, असं कित्येक वर्षं.

मी डिप्लोमा केलेली बाई. माझ्या लेखी तोवर नॉर्डिक म्हणजे पांढरं आणि कमी सामान, एवढंच होतं. त्या दिवशी पुस्तक उघडून ते मला जे सांगत बसले ते मी अजून विसरलेले नाही.

‘मॅडम, कागलचा माणूस आन् शाहूवाडीचा माणूस एकच हाय का? बाहेरनं आल्याला म्हणणार, दोघं बी कोल्हापूरचंच. पर कागलवाल्याच्या दारातनं हायवे जातोय, त्येचं घर रस्त्याकडं तोंड करून. आमी चार म्हैनं पावसात कोंडून बसतोय, आमचं घर चुलीकडं तोंड करून. तसं हाय ह्ये.’

मग त्यांनी एकेक पान उलटलं. नॉर्वे म्हणजे त्यांची शाहूवाडी. डोंगर, ओंडक्यांच्या भिंती आतून तशाच उघड्या, मधोमध शेकोटी, बाकावर मेंढीचं कातडं. डेन्मार्क म्हणजे वारणानगर. ‘दूधदुभत्याचा मुलूख. जेवाय बसली की उठतच न्हाईत, म्हणून खुर्ची बरी करत्यात. आन् दिवा बगा किती खाली आणल्याला, पार ताटावर.’ लाकूड तिथं झाकत नाहीत, तेल नाहीतर साबण चोळून उघडं ठेवतात. स्वीडन म्हणजे ताराबाई पार्क. सगळं नीटनेटकं, फिकं, रंगवलेलं, जमिनीवर चिंध्यांच्या पट्ट्यांची सतरंजी. ‘आमची म्हातारी वाकळंच्या उरल्याल्या चिंध्यांची असलीच इणायची.’ फिनलंड म्हणजे गगनबावडा. माणूस कमी, झाडं फार, भिंतीवर काही नाही, वाकवलेल्या पातळ लाकडाचं एखादं स्टूल. ‘लई मुकं घर.’ आणि शेवटचं आइसलंड. तिथल्या घरांना बाहेरून पत्रा, चक्क नालीदार पत्रा, लाल नाहीतर निळा रंगवलेला. ते पान आलं की शामरावांचा चेहरा खुलायचा. ‘पत्र्याला त्या लोकांनी इज्जत दिली, मॅडम.’ त्यांनी स्वतःच्या घराचा पत्रा लाल रंगवून घेतला होता. गल्लीतली माणसं त्याला गॅसचं गोडाऊन म्हणायची.

पाच देशांचे त्यांनी पाच पांढरे केले होते. फळीच्या पाच तुकड्यांवर फवारून, भोक पाडून, तारेत ओवून ठेवलेले. स्वीडनच्या पांढऱ्यात काळ्याचा थेंब आणि निळ्याची नुसती ओळख. डेन्मार्कचा सायीसारखा. फिनलंडचा कोरा चुना. नॉर्वेचा लोकरीचा, मळका. आइसलंडचा लाल पत्र्याशेजारी उठून दिसेल असा लख्ख. कंपन्यांच्या कार्डावर पांढऱ्याचे पन्नास नंबर असतात, पण मिस्त्रींचा स्वीडन कुठल्याच कार्डावर मला मिळाला नाही. पुण्याचे लोक तो बघायला आमच्या साइटवर यायचे. मला भारी मिरवायला मिळायचं.

एकदा मी त्यांना विचारलं, तिकडं सगळं पांढरं का करतात. म्हणाले, ‘थंडीत सूर्य उगवत न्हाय म्हणं त्येंच्यात. घावंल तेवढा उजेड भिंतीवर साठवत्यात. आमच्यात उन्हानं डोळं फुटत्यात, आन् आमी कशापायी करतोय पांढरं?’ मला हसू आलं होतं.

आता खोकल्याचं सांगते.

इथं ते पांढरं ज्यावर बसतं तो एमडीएफचा बोर्ड. लाकडाचा भुसा आणि डिंकासारखी रसायनं दाबून केलेला. तो घासला की पिठाहून बारीक धूळ उडते. वरनं जो रंग मारतात त्यात हार्डनर असतो, थिनर असतो. ओल्या रंगावर रस्त्याची धूळ बसू नये म्हणून फवारताना खिडक्या बंद करतात, पंखा बंद करतात, फरशीवर पाणी मारतात. त्या कोंडलेल्या खोलीत माणूस तासन्‌तास. तोंडाला काय, तर टॉवेल. आणि दिवस संपला की गुळाचा खडा.

हे आमच्याकडचं शास्त्र. गूळ खाल्ला की घशातली धूळ खाली उतरते आणि पोटातनं निघून जाते. सुतार, रंगारी, गिरणीवाले सगळे मानतात. मीही मानत होते. काम सुरू झालं की मार्केट यार्डातनं चांगल्या पिवळ्या गुळाची ढेप आणून साइटवर ठेवायची ही माझी पद्धत. कामगारांची काळजी घेणारी बाई म्हणून माझं नाव होतं त्यावर. मास्क मी आणून दिला असता तर त्यांनी घातला असता की नाही, माहीत नाही. मी आणून दिलाच नाही. गूळ दिला.

चार वर्षांपूर्वी जिना चढताना ते मधल्या पायरीवर थांबायला लागले. मग बोलताना थांबायला लागले. मुलीनं ओढून डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, नळीत फुंकायला लावलं आणि सांगितलं, फुफ्फुसं कडक व्हायला लागलीत, फवारणी आजपासून बंद, नाहीतर दोन वर्षंही काढणार नाहीत. हे मला त्यांच्या मुलीनं फोन करून सांगितलं. कागदाचा फोटोही पाठवला. म्हणजे मला माहीत होतं. माहीत नव्हतं असं म्हणायला मला फार आवडलं असतं.

त्यानंतर शामराव प्रत्येक साइटवर एकच टुमणं लावून बसले, ‘डेन्मार्क करूया की, मॅडम.’ डेन्मार्क म्हणजे उघडं लाकूड, आणि लाकडावर फडक्यानं तेल चोळायचं. ना गन, ना धूळ, ना खिडक्या बंद. ‘हातानं हुतंय त्ये,’ एवढंच म्हणायचे. डॉक्टरांचं नाव काढायचे नाहीत. दोन गिऱ्हाइकांना मी पटवलंही. मिस्त्रींनी सागवानाला असं तेल चोळलं, की घरची माणसं येता-जाता टेबलावर हात फिरवायची. त्या वर्षी खोकला कमी झाला होता. वजन भरलं होतं. डेन्मार्कवर तो माणूस जगला असता.

पण गिऱ्हाइकाला पांढरंच पाहिजे असतं. आणि मलाही.

अभिजित चौगुले स्टॉकहोमला सहा वर्षं नोकरीला होता. आईवडिलांसाठी परत आला आणि नागाळा पार्कात मोठा फ्लॅट घेतला. त्यानं मोबाइल दाखवला नाही, सरळ म्हणाला, तिथं आम्ही राहायचो तसंच हवं. त्यानं खरं स्वीडन डोळ्यांनी बघितलेलं. शामरावांचे तारेतले तुकडे त्याच्यासमोर धरले, तर एकही शब्द न सांगता त्यानं बरोबर स्वीडनचा उचलला. शामराव त्याच्याकडं बघतच राहिले. इतक्या वर्षांत त्यांच्या पुस्तकाला मिळालेली ती पहिली साक्ष. ‘ह्ये एक मीच मारतो,’ ते म्हणाले. ‘ह्येच्याफुडं न्हाय.’ मी बरं म्हटलं. माझ्याही तोंडाला पाणी सुटलेलं.

चौदा दारांची कपाटं. ते काम त्यांनी कसं केलं ते सांगत नाही, चांगलं केलं. मॅट रंग पक्का व्हायला आठ दिवस लागतात, तेवढे हात लावू नका असं त्यांनी सगळ्यांना दोनदा बजावलं. पण वास्तुशांतीचा मुहूर्त चौथ्या दिवशीचा निघाला. अभिजितची आई, चौगुले काकू, शेतकऱ्याच्या घरातली साधी बाई. सून गुरुजींना दक्षिणा देतेय तोवर काकूंनी वाटीत तेलात कुंकू कालवलं आणि चौदाच्या चौदा दारांवर बोटानं स्वस्तिक काढलं. ‘नवं कपाट कोरं कसं वापरायचं?’ एवढंच त्यांचं म्हणणं. सुनेनं, रश्मीनं, ओल्या फडक्यानं एक पुसून बघितलं, तर ते दार गुलाबी झालं.

मी गेले तेव्हा काकू एका कोपऱ्यात रडत होत्या. शामरावांना बोलावून घेतलं. त्यांनी एकेका दारापाशी वाकून बघितलं. तेल आत उतरलं होतं, वरनं नुसता रंगाचा हात मारला असता तर आठवड्यात लाल वर आलं असतं. पार बोर्डापर्यंत घासून सगळं नव्यानं करावं लागणार होतं. शामराव रश्मीला म्हणाले, ‘बाई, ऱ्हाऊ द्या की. तिकडं बी जुन्या कपाटांवर फुलं काढत्यात, लाल, निळी. पुस्तकात हैत. मी ब्रशनं कडा नीट करून देतो. येक पुसल्यालं बी सावरतो. काकूंचा हात हाय त्यो.’

अभिजित म्हणाला, खरंय, तिकडं आजीच्या काळातली कपाटं असतात तशी. रश्मी सासूकडं बघून म्हणाली, चालेल मला. दोघांनी माझ्याकडं बघितलं. ‘मॅडम ठरवतील,’ अभिजित म्हणाला.

रविवारी पुण्याहून फोटोग्राफर येणार होता. मासिकात चार पानं येणार होती. मी म्हटलं, ‘छे. कुंकवाचं स्वीडन मी छापायला देणार नाही. मिस्त्री, उद्यापासून घासायला घ्या.’

शामराव माझ्याकडं बघत होते. त्यांना काहीतरी बोलायचं होतं, पण मी तोवर फोटोग्राफरला फोन लावला होता.

चार दिवस लागले. खाली रस्ता खोदलेला, म्हणून खिडक्या सगळ्या बंद. दुसरा फवारणीवाला मिळत होता, मी त्याला विचारलंसुद्धा नाही, त्याचा पांढरा ट्यूबलाइटसारखा. तिसऱ्या दिवशी मी बघायला गेले. दार उघडलं तर आत समोरचं दिसेना. शामराव रंगाच्या पालथ्या डब्यावर बसलेले. भुवया, पापण्या, कान, सगळं पांढरं. छाती हलत होती, पण आवाज येत नव्हता. मला बघून हात वर केला. ‘झालंच बगा.’ मी पिशवीतनं गुळाचा खडा काढून त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो तोंडात धरला आणि उठले.

मासिकात फोटो आले. उत्तम आले. खाली माझं नाव होतं.

दिवाळीच्या आधी त्यांना दवाखान्यात दाखल केलं. तिथनं घरी आले ते नाकात नळी घेऊनच. ऑक्सिजनचं मशीन मी घेऊन दिलं, आणि ते दिल्यावर आपण काहीतरी केलं असं मला दोन दिवस वाटलं. तिसऱ्या दिवशी नाही वाटलं. जायचं मी टाळत राहिले. आज साइट, उद्या मिटिंग. त्यांच्या बायकोनं, सुमनवहिनींनी, एकदाही फोन करून काही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

शेवटी महाशिवरात्रीच्या आसपास मी त्यांच्या घरी गेले. लाल पत्र्याचं घर, आत एक खोली आणि स्वयंपाकघर. आडवं झालं की जीव गुदमरायचा, म्हणून ते कॉटच्या कडेला बसूनच असायचे. झोपसुद्धा पुढ्यात स्टूल घेऊन, त्यावर डोकं टेकून. अंगावर फक्त बनियन. रुंद पंजे तेवढे पूर्वीचे राहिले होते. मशीनचा घरघर आवाज भरून होता खोलीत. वहिनींनी मला खुर्ची दिली आणि आत चहा टाकायला गेल्या.

मला शांत बसवेना. मी बोलत सुटले. औषधं कुठली चालू आहेत, पुण्यात एक मोठे डॉक्टर आहेत, मुलीला सांगते, गाडी करून देते. ते ऐकत होते. मग माझंच मला असह्य झालं आणि मी म्हटलं, ‘मिस्त्री, चौगुल्यांचं ते काम तुम्ही नाही म्हणायचं होतं की हो मला.’

म्हणजे तिथंही मी त्यांच्याच माथी मारलं. तोंडातनं गेल्यावर कळलं.

त्यांनी मान वर केली. एका श्वासाला एक शब्द येत होता.

‘मॅडम... तुमी...’

‘मी मास्क आणायला पाहिजे होता. चुकलं माझं.’

त्यांनी मान हलवली. तसं नव्हतं म्हणायचं त्यांना.

‘तुमी... मला...’

‘दुसऱ्या माणसाला बोलवायला पाहिजे होतं. मला माहीत होतं सगळं, तुमच्या मुलीनं कागद पाठवला होता.’

त्यांनी हात उचलून माझ्यासमोर धरला. अठरा वर्षांत त्यांनी मला कधी थांबवलं नव्हतं. मी थांबले. बराच वेळ ते नुसते श्वास गोळा करत राहिले. आत भांड्याचा आवाज झाला.

‘तुमी... मला... इचारलं... न्हाय.’

मी खुर्ची पुढं ओढली.

‘इचारलं आसतं... तर... व्हयच... म्हणलो आसतो.’ पुन्हा थांबले. कपाळावर घाम आला होता. ‘पर... इचारलं... न्हाय.’

त्यात राग नव्हता. राग असता तर मी रडून, पाया पडून मोकळी झाले असते. ते फक्त माझी चूक दुरुस्त करत होते, कुठला पांढरा कुठल्या देशाचा ते सांगायचे तशी.

वहिनी चहा घेऊन आल्या. मी तो सगळा प्यायले, गरम होता तसाच. त्यांना म्हटलं, येते परत. मिस्त्रींना नमस्कार केला. परत मी गेले नाही. नऊ दिवसांनी त्यांच्या मुलीचा फोन आला.

त्या दिवशी दारात चपला घालताना मागं वळून बघितलं होतं. दोन्ही पंजे गुडघ्यांवर रोवून, मान खाली घालून ते पुढच्या श्वासाची वाट बघत बसले होते. मी अजून दारातच उभी आहे, हे त्यांच्या ध्यानातही नव्हतं.